रिकिबीतला पाय

काउबॉयचे पिक्चर मला आवडत नाहीत. हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवते, कारण पुढे एक आलेख येणार आहे आणि तो काही वेगळंच सांगतो. आलेख खोटं बोलत नाही, असं मी गेली एकोणीस वर्षं लोकांना सांगत आले आहे. माझं कामच ते. आमच्या प्रयोगशाळेत लोकांची मापनयंत्रं तपासणीला येतात. तराजू, तापमापक, दाबमापक. ती किती चुकतात ते मी सहीनिशी लिहून देते. एका मापनाला मापन म्हणत नाहीत, हे आमच्याकडचं पहिलं सूत्र. तपासणाऱ्याने मध्ये लुडबुड करू नये, हे दुसरं. या सगळ्या प्रकारात पहिलं सूत्र मी कसोशीने पाळलं. दुसऱ्याचं काय झालं, ते येईलच.

दर शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्या बाहेरच्या खोलीचे पडदे ओढले जातात आणि माझे बाबा व तळमजल्यावरचे टेलरकाका एका धुळकट गावात राहायला जातात. त्या गावात रस्ता एकच. पाण्याची सोय काय आहे ते कधी कळत नाही, दारूची मात्र चोख असते. या दोघांचा लाडका नायकही एकच. त्याने जन्मभर घोड्यावर बसणं, डोळे बारीक करणं आणि कमी बोलणं एवढी तीनच कामं केली आणि म्हातारपणीही तीच करत राहिला. त्याचे तरुणपणचे पिक्चर हे दोघं बघत नाहीत.

"तेव्हा त्याला काही येत नव्हतं," बाबा म्हणतात.

"बाबा, तेव्हाच तर सगळं येत होतं. पळत येऊन घोड्यावर उडी मारायचा."

"तेच म्हणतोय मी."

याला काय म्हणायचं? तर्कशास्त्रात याला नाव आहे, पण ते वडिलांना लावता येत नाही.

टेलरकाकांची भक्ती वेगळ्या जातीची. ते नायकाच्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत, कमरेकडे बघतात. "पुलावरच्या पिक्चरमध्ये चौतीसचा छत्तीस झाला हो हा, मीटरसाहेब. आणि इथे बघा, अडतीस. पट्टा पोटाखाली बांधलाय. अशानं लपतं होय!" असं ते हळहळून म्हणतात, जणू उद्या तो माणूस पॅन्ट सैल करायला त्यांच्याच दुकानात येणार आहे. आणखी एक शोध त्यांचाच. शेवटच्या पाच-सहा पिक्चरमध्ये नायकाला घोड्यावर चढताना दाखवतच नाहीत. घोडा दाखवतात, शेजारी उभा नायक दाखवतात, की एकदम वर बसलेला! "मधलं कापतात," काका म्हणतात. "शिवण उसवलेली दिसू नये म्हणून वरून पट्टी लावतात ना, तसं." फक्त अगदी शेवटच्या पिक्चरमध्ये कापलेलं नाही. तो पिक्चर या दोघांनी माझ्या मोजणीप्रमाणे चौदा वेळा पाहिला आहे.

बाबांना सगळी इमारत मीटरसाहेब म्हणते. नोकरीभर ते घरोघरी जाऊन विजेचे मीटर तपासायचे, आणि निम्मी नोकरी एका फटफटीवरून. फटफटी चौतीस वर्षांची आहे, बाबा शहात्तर. दोघंही सकाळी जरा खोकून सुरू होतात. गेली दोन वर्षं बाबा ती जिन्यापाशी लावत नाहीत, मागच्या भिंतीच्या आडोशाला लावतात. "तिथे सावली असते," म्हणतात. दुपारी दोननंतर तिथे सावली नसते, हे मी पाहिलेलं आहे. पण काही निरीक्षणं नोंदवायची नसतात.

तर मुद्दा असा, की बाबांचा वाहन परवाना संपत आला होता.

मी अर्ज आणला. अर्जातला नववा रकाना होता वैद्यकीय दाखल्याचा. दूरच्या शहरातल्या दादाला मी हे फोनवर सहज सांगितलं, ही माझी पहिली चूक.

"नूतनीकरण? अगं, शहात्तर वर्षांचे आहेत ते! विकून टाक ती फटफटी."

"डोळे तपासलेत दादा. ब्रेक मी स्वतः तपासलेत. बाजारापर्यंतच तर जातात."

"आणि पडले म्हणजे? तू प्रयोगशाळेत, मी इथे. ते काही नाही, दाखला स्वच्छ मिळाला तर बघू. नाहीतर मी येतो आणि तिला घेऊन जातो. भंगारात."

बाबा शेजारीच भाजी निवडत बसले होते.  त्यांनी निवडलेली भाजी देठांत टाकली आणि देठं पातेल्यात.

हृदयाच्या डॉक्टरांनी बाबांच्या छातीला नळी लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मध्येच एक ठोका चुकतोय." मग त्यांनी चोवीस तास छातीला लावून ठेवायचं एक यंत्र दिलं. पाच वायरी, कमरेला एक डबी. सोबत नोंदींचा कागद. त्यावर तीन रकाने: वेळ, काय करत होतात, काय वाटलं.

आता ही दुसरी चूक. ती शंभर टक्के माझी. मी बाबांना बसवून समजावलं, "जे घडेल ते, घडेल त्या मिनिटाला लिहायचं. नंतर आठवून नाही. गाळायचं नाही, सजवायचं नाही, मतं द्यायची नाहीत." तीस वर्षं मीटरचे आकडे लिहिलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. तो वार होता शनिवार. मी कामावर होते.

मंगळवारी रुग्णालयातून फोन आला. "पेशंटला आणू नका. तुम्ही एकट्याच या."

असं म्हटल्यावर माणसाचं काय होतं ते मी सांगायला नको. मी रिक्षाही न बघता निम्मं अंतर चालत गेले. डॉक्टर वयाने लहान आणि स्वभावाने फार सौम्य होते. त्यांनी नोंदींचा कागद माझ्यापुढे ठेवला. बाबांचं अक्षर सुरेख, ओळी सरळ.

३.१० — गावात शिरलो. काय वाटलं: लोक भेदरलेले दिसले.
३.२५ — गुत्त्यात मारामारी. एक खुर्ची, दोन बाटल्या फुटल्या. काय वाटलं: बरं वाटलं.
३.४० — चहा. काय वाटलं: साखर कमी.
३.५८ — तिघे मागून आले. दोघे मेले. काय वाटलं: तिसरा कुठे गेला?
४.१५ — तिसरा मेला. काय वाटलं: समाधान.
४.४७ — पाय अडकला. काय वाटलं: जीव घाबरा झाला.
४.५० — बसलो.
५.०० — गाव सोडलं. कपबश्या विसळल्या.

"वडील राहतात कुठे?" डॉक्टरांनी अलगद विचारलं.

"माझ्याकडेच. म्हणजे मी त्यांच्याकडे."

"गाव सोडलं म्हणतायत."

"डॉक्टर, ते पिक्चर बघत होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चुकणाऱ्या तराजूकडे पाहते. "घरच्यांना असं वाटणं स्वाभाविक आहे," ते म्हणाले. "तुम्हाला स्वतःला झोप वगैरे लागते ना नीट?"

मी सही करून यंत्रं बाद करणारी बाई आहे. माझ्या झोपेची चौकशी कोणी केलेली नाही. मला इतका अपमान वाटला, की सांगायचे होते ते चार मुद्दे विसरून मी "लागते" एवढंच म्हणाले, आणि तेही जांभई देत. ती जांभई चालून आल्यामुळे होती. पण आता कोणाला सांगणार?

फाइलवर शेरा पडला: 'भ्रम? मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्यावं. तोवर वाहन चालवू नये.'

खाली अभिलेखाची खिडकी होती. आत बसलेल्या बाईंना मी म्हटलं, "हा शेरा चुकून पडलाय. तो खोडायचाय."

"शेरा खोडता येत नाही. शेऱ्यावर शेरा चढवता येतो."

"मग चढवा."

"मी कशी चढवू? ज्यांनी पहिला मारला त्यांनीच दुसरा मारायचा."

"ते म्हणतात, नवा आलेख आणा."

"मग आणा की!"

"तर यंत्र द्या."

"चिठ्ठी लागेल. मानसोपचारवाल्यांची. तसा शेराच आहे ना."

मानसोपचारतज्ज्ञांची पुढची रिकामी वेळ सहा आठवड्यांनी होती. परवाना संपायला सव्वीस दिवस. हा हिशोब मला खिडकीपाशीच करता आला, पण त्याचा उपयोग काय?

इमारतीत बातमी माझ्याआधी पोचली होती. मी जिना चढेपर्यंत तीन सल्ले मिळाले. पहिल्या मजल्यावर, बाबांना विनोदी पिक्चर दाखव, त्यात कोणी मरत नाही. दुसऱ्या मजल्यावर, त्या यंत्राने कोणाच्या तरी मेहुण्याचं घड्याळ बंद पडलं होतं. नंतर मेहुणाही पडला, पण तो शिडीवरून. आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या हेडबाई तर दारातच उभ्या होत्या. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली पण छडी सुटली नाही.

"हे घे," त्यांनी एक कागद दिला. "मीटरसाहेबांचा वर्तणुकीचा दाखला. बावीस वर्षं शेजारी आहेत, कोणाला मारल्याचं माझ्या पाहण्यात नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

"बाई, त्यांनी कोणाला मारलं असं कोणाचंच म्हणणं नाही हो."

"मग कागदावर दिसतंय ते काय? तिघांना! तेही चहा पिऊन झाल्यावर. मी टेलरकडून सगळं ऐकलंय. आणि मुळात माणसाने दुपारी झोपावं. पिक्चर कसले बघायचे दुपारी?"

बाबा आतल्या खोलीत फटफटीचं पुस्तक वाचत बसले होते. ते तिच्याबरोबर आलेलं, चौतीस वर्षांपूर्वीचं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पिक्चरमधलं कशाला लिहिलंत?"

"तूच म्हणालीस, जे घडेल ते लिही. दुपारी तीन ते पाच दुसरं काय घडलं? मी खुर्चीत बसलो होतो असं दोन तास लिहू?" मग पान उलटत म्हणाले, "जाऊ दे गं. दादा म्हणतो तर देऊन टाकू. बसने जाईन मी." आणि पुस्तक उलटं धरलं होतं, ते सुलटं करून पुन्हा वाचू लागले.

'जाऊ दे' हे शब्द बाबांनी मीटरच्या आयुष्यात कधी काढले नव्हते. एका आकड्यासाठी ते चार जिने पुन्हा चढायचे. तेव्हा मी ठरवलं, की आता हे जाऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून अर्धी रजा घेऊन डॉक्टरांकडे गेले. या खेपेला दुपारी झोप काढून गेले. "डॉक्टर," मी म्हटलं, "ते यंत्र एकदा बघायला मिळेल? फक्त मागची बाजू."

त्यांनी यंत्र दिलं. मागे एक छोटी चिकटपट्टी होती. तपासणीची पुढची तारीख छापलेली. ती तारीख उलटून दोन महिने झाले होते.

आयुष्यात माझ्यासारख्या बाईला पिस्तूल काढायचा प्रसंग एकदाच येतो. मी ती चिकटपट्टी हळूच त्यांच्याकडे वळवली आणि काही बोलले नाही. डोळे बारीक केले असावेत.

डॉक्टर बराच वेळ वाचत राहिले. वाचायला तीनच शब्द होते.

"म्हणजे हे मापन..." ते म्हणाले.

"बाद. मुदत संपलेल्या यंत्राने घेतलेलं मापन धरता येत नाही. ते पुन्हा घ्यावं लागतं आणि त्याला वेगळी चिठ्ठी लागत नाही. तुमच्याच नियमावलीत पान अकरावर आहे. आणि एका मापनाला मापन म्हणत नाहीत, तेव्हा दोन यंत्रं द्या. नव्याने तपासलेली. एक बाबांना, एक मला."

"तुम्हाला कशाला?"

"तुलनेसाठी. तोच पिक्चर, तीच खोली, तोच चहा, आणि शेजारी एक अशी व्यक्ती जिला या पिक्चरमध्ये काडीचा रस नाही."

हे वाक्य मी त्यांच्यासमोर म्हणाले, नर्सबाईंसमोर म्हणाले, आणि लेखी दिलं. ते आजही फाइलमध्ये आहे.

शनिवारी सकाळी आम्ही बापलेक वायरी लावून घरी आलो. दुपारी टेलरकाका एक पुडकं घेऊन वर आले. "मीटरसाहेब, ती डबी तुम्हाला मागच्या वेळी कमरेला टोचत होती ना? म्हणून म्हटलं जरा शिवावं." आत चामड्याचा रुंद पट्टा होता आणि त्याला उजव्या बाजूला, मांडीवर येईल असं, झाकणाचं चामडी म्यान. डबी त्यात बरोब्बर बसली. बाबा उठून आरशासमोर गेले. अंगठा पट्ट्यात अडकवला.

"कंबर किती धरलीत?"

"अडतीस," काका डोळे पुसत म्हणाले.

लुडबुड नको म्हणून नोंदी ठेवायला त्रयस्थ माणूस हवा होता. हेडबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "असले पिक्चर मी बघत नाही. पण शिस्तीचं काम आहे तर येते." त्या लाकडी खुर्ची, दोन पेनं आणि मनगटी घड्याळ घेऊन आल्या. पडद्याकडे पाठ करून बसते म्हणाल्या. पाच मिनिटांनी काटकोनात बसल्या. गुत्त्यातल्या मारामारीला त्या पूर्ण वळल्या होत्या.

"हा कोण?"

"तो दुष्ट, बाई."

"दिसतोच. मागच्या बाकावरचा चेहरा आहे. आणि हे म्हातारं मध्ये कशाला पडतंय? पोलीस नाहीत का या गावात?"

"तोच पोलीस होता पूर्वी," बाबा म्हणाले. "आता निवृत्त."

 हेडबाई पेन हवेत मारून म्हणाल्या, "निवृत्त झालं की लोकांना वाटतं आपल्याला काही येत नाही." आणि लिहायला लागल्या.

तिघे मागून आले. दोघे मेले. टेलरकाका मेलेल्याच्या कोटाची शिवण बघत होते. सव्वाचारला तिसरा गेला. मी शांतपणे बसून, अत्यंत शांतपणे, माझ्या निर्विकारतेचा आनंद घेत होते. आणि मग चार सत्तेचाळीस झाले.

सगळं संपलेलं असतं. गुंड मेलेले, गाव वाचलेलं. आता त्याने घोड्यावर बसायचं आणि जायचं, एवढंच उरलेलं. तो घोड्यापाशी येतो. सगळं गाव खिडक्यांच्या फटींतून बघतंय. तो डावा पाय उचलतो. पाय रिकिबीपर्यंत पोचत नाही. पॅन्ट हाताने धरून तो पाय वर ओढतो, तो अडकतो, घोडा एक पाऊल सरकतो आणि पाय खाली. मग तो काय करतो, तर घोड्याच्या पोटाखालचा पट्टा उगाचच घट्ट करतो. पट्टा घट्टच असतो. तो फक्त कपाळ खोगिराला टेकवून दम खातो आणि गावाला वाटावं की पट्टा बघतोय. पुन्हा पाय उचलतो. पुन्हा नाही. कॅमेरा हलत नाही. कोणी कापत नाही.

आमच्या खोलीत पंख्याचा आवाज येत होता, तोही कोणीतरी बंद करावा असं वाटत होतं. टेलरकाकांनी स्वतःचाच गुडघा दोन्ही हातांनी धरला होता. बाबांचा डावा पाय जमिनीपासून दोन इंच उचललेला होता.

तिसऱ्यांदा बसला.

"बसला!" असं कोणीतरी ओरडलं. हेडबाई होत्या, असं माझं मत. त्या म्हणतात मी होते. नोंदींच्या कागदावर पाहावं तर चार सत्तेचाळीस ते चार पन्नास कोरं. पुढे बाईंनीच प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'निरीक्षक अनुपस्थित.'

रविवारी सकाळी यंत्रं परत करायला गेलो. रुग्णालयाच्या दारात नवा पहारेकरी होता. बाबा पायऱ्या चढत होते, गुडघ्यामुळे सावकाश, पाय थोडे फाकवून, हात कमरेजवळ. पहारेकऱ्याने तो पट्टा बघितला, ते म्यान बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

"ओ आजोबा! थांबा तिथंच. हात वर करा."

बाबा थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता. आयुष्यभर वाट पाहिली आणि शहात्तराव्या वर्षी कोणीतरी म्हणालं. त्यांनी हात हळूहळू, अगदी हळूहळू वर केले.

"कमरेला काय आहे?"

"हृदय," बाबा म्हणाले.

पुढची वीस मिनिटं मी खुलासे केले. पहारेकऱ्याचे साहेब आले, त्यांचे साहेब आले. सगळ्यांनी आळीपाळीने म्यानात डोकावून पाहिलं. एकाने टेलरकाकांचा पत्ता घेतला.

मंगळवारी डॉक्टरांनी दोन्ही आलेख टेबलावर शेजारी शेजारी पसरले. या वेळी बाबाही होते, पट्ट्याशिवाय.

"हा ठोका अधूनमधून चुकतो, पण निरुपद्रवी आहे. ते सोडा," डॉक्टर म्हणाले. "मला हे सांगा. इथे सव्वाचारला, बाईंच्या नोंदीप्रमाणे, गोळीबार चालू आहे. एक मनुष्य छपरावरून पडतोय. आणि तुमचे ठोके अठ्ठ्याहत्तर. माणसाचे वर्तमानपत्र वाचताना असतात तेवढे!"

"तिथे काय घाबरायचं?" बाबा म्हणाले. "गोळीबारात तोच जिंकणार. पोस्टरवर त्याचंच चित्र आहे."

"मग चार सत्तेचाळीसला? एकशे सोळा! तिथे तर नोंदच नाही."

"तिथे तो घोड्यावर बसतो."

"एवढंच?"

"एवढंच कसं?" बाबा पुढे सरकले. "बंदूक काय, बोट हललं की झालं. पण पाय वर जाईल की नाही, ते कोणाला ठाऊक? लिहिणाऱ्याला नाही, त्याला स्वतःला नाही. आणि सगळं गाव बघतंय डॉक्टर. नाही जमलं तर सगळे म्हणणार, बरं झालं, आता बस घरी."

मी इतकी वर्षं विचारत होते, काय बघता या म्हाताऱ्यात? उत्तर रुग्णालयाच्या टेबलावर, मिलिमीटरच्या कागदावर पडलेलं होतं.

 डॉक्टरांनी दुसरा आलेख पुढे ओढला. "आणि या कोणाच्या? चार सत्तेचाळीसला एकशे चोवीस."

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाबा छताकडे पाहत होते, अतिशय निर्विकारपणे.

"काडीचा रस नसलेली व्यक्ती," डॉक्टर माझ्या लेखी निवेदनातून वाचत म्हणाले. मग पेनाचं टोपण काढलं, आणि सही करता करता थांबून विचारलं, "मग? बसला का शेवटी?"

"तिसऱ्या खेपेला," मी म्हणाले. 

"बरं झालं," डॉक्टर म्हणाले आणि शेऱ्यावर शेरा चढवला: 'भ्रम नाही. पिक्चर.'

परवाना पुढच्या शुक्रवारी आला. दादा रविवारी आला. शेऱ्यावरच्या शेऱ्याने त्याचं समाधान होणार नव्हतंच.

"हृदयाचा दाखला दाखवू नकोस मला. फटफटी काय हृदयाने चालवतात? बाबा, गुडघ्याचं काय?"

"अर्जात गुडघ्याचा रकाना नाही," बाबा म्हणाले.

"मी विचारतोय. इथे, अंगणात, माझ्यासमोर, कोणाचा हात न धरता बसून दाखवा. जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर आजच घेऊन जातो."

बाबा मागे गेले आणि भिंतीच्या आडोशातून फटफटी हाताने ढकलत अंगणाच्या मधोमध आणून स्टँडवर लावली. तिथे सावलीचा टिपूसही नव्हता. खिडक्या उघडत गेल्या. हेडबाई मनगटी घड्याळासकट गॅलरीत. टेलरकाका दुकानाच्या दारात, तोंडात टाचण्या तशाच.

बाबांनी हँडल धरलं. उजवा पाय मागून वर उचलला. सीटला बूट लागला आणि खाली आला.  त्यांनी पॅन्ट जरा वर ओढली, पुन्हा पाय टाकला. अर्ध्यात थांबला. खाली. दादा एक पाऊल पुढे सरकला. मी त्याची बाही धरली.

मग बाबांनी खिशातून फडकं काढलं आणि आरसा पुसायला घेतला. आरसा सकाळीच पुसलेला होता. ते वाकून, कपाळ जवळजवळ काचेला टेकवून, एकेक कोपरा पुसत राहिले. मला माहीत होतं. टेलरकाकांना माहीत होतं. हेडबाई वरून मोठ्याने म्हणाल्या, "डाव्या बाजूला डाग आहे अजून, मीटरसाहेब. सावकाश पुसा. घाई नाही कोणाला."

फडकं खिशात गेलं. तिसऱ्यांदा पाय उचलला.

बसले.

तोंडात टाचण्या असताना माणसाला "बसला!" ओरडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांनी किक मारली, फटफटी खोकली, सुरू झाली, आणि ते मागे न बघता फाटकातून बाहेर पडले. पिक्चरमध्ये असतं तसंच, फक्त सूर्य डोक्यावर होता आणि समोरून भाजीची गाडी येत होती.

दादा रस्त्याकडे बघत उभा होता. मी त्याच्या बाहीवरचा हात मनगटावर नेला आणि घड्याळ लावून मोजलं. एकशे आठ.

"काय करतेयस?" तो म्हणाला.

"काही नाही. एका मापनाला मापन म्हणत नाहीत. थांब जरा."

फार थांबावं लागलं नाही. तो नायक एकदा गेला की परत येत नाही. बाबा सात मिनिटांत परत आले. फाटकातच थांबले, इंजिन चालू, दोन्ही पाय जमिनीला टेकवून.

"काय झालं?" दादा धावला. "लागलं का कुठे?"

"परवाना राहिला टेबलावर," बाबा म्हणाले.

"मग उतरा ना, घेऊन या."

"उतरलो तर परत चढावं लागेल."

दादाने बाबांकडे पाहिलं, वरच्या खिडक्यांकडे पाहिलं, आणि वळून एकेक पायरी गाळत जिना चढत गेला. पन्नाशीचा माणूस, तिसरा मजला. आम्ही सगळे, बाबासुद्धा, मान वर करून बघत होतो, पोचतो की नाही.